ग्रहण ऐकवणारी डबी

आमच्या लहानपणी ग्रहण दिसायचं नाही, ऐकू यायचं. दारंखिडक्या लावलेल्या, पाण्याच्या हंड्यात तुळशीपत्र टाकलेलं, आणि मग कधीतरी रस्त्यावरून हाळी यायची, 'दे दान, सुटे गिराण!' ती कानावर आली की आजी उठून आंघोळीचं पाणी काढायची. १६ फेब्रुवारी १९८० च्या ग्रहणाला तर मुंबईचे रस्ते संचारबंदी लागल्यासारखे ओस पडले होते. त्या दिवशी डोळस काय आणि अंध काय, सगळे एका रांगेत. कुणीच काही पाहिलं नाही.

पुढं आम्ही सुधारलो. गच्च्यांवर दुर्बिणी लावल्या, ग्रहणचष्मे वाटले, अंधश्रद्धेवर भाषणं ठोकली. मुलं घराबाहेर आली, आणि नेमकं तेव्हापासून दृष्टिहीन माणूस मागे राहायला लागला. त्याला गच्चीवर बोलावून आम्ही हातात काय देणार होतो? आमच्या हौशी आकाशनिरीक्षकांच्या गटात हा प्रश्न दोन-तीनदा निघाला आणि दर वेळी 'काहीतरी करायला पाहिजे' या वाक्यावर चहा आला.

तिकडे अमेरिकेत, हार्वर्ड विद्यापीठाच्या खगोलशास्त्र प्रयोगशाळेतल्या मंडळींनी मात्र ते 'काहीतरी' करून दाखवलं. लाइटसाउंड नावाची एक डबी. उजेड मोजते आणि त्याचा आवाज करते, एवढंच तिचं काम. गेली काही वर्षं मी या डबीच्या मागावर आहे. तिची एक गावठी नक्कल मी घरीही केली आणि ऐन ग्रहणात तोंडावर आपटलो. तेही सांगणार आहे, पण आधी मूळ प्रकरण.

आलेख जातो तेव्हा

वांडा डियाझ-मर्सेड या प्युर्टो रिकोतल्या गुराबो गावच्या. भौतिकशास्त्र शिकत असताना, ऐन विशीत, मधुमेहामुळे त्यांची दृष्टी गेली. खगोलशास्त्राच्या वाटेवरच्या विद्यार्थिनीची दृष्टी गेली म्हटल्यावर आपल्याला वाटतं की तिचं आकाश गेलं. तसं नसतं. व्यावसायिक खगोलशास्त्रज्ञ आकाशाकडे फारसं बघतच नाही. तो बघतो आलेख. दुर्बिणीतून येतात ते आकडे, त्या आकड्यांची होते रेघ, आणि त्या रेघेतले चढउतार वाचायचे. वांडा यांच्या हातून गेली ती ही रेघ.

आता गंमत बघा. क्ष-किरण किंवा रेडिओलहरी कुठल्याच माणसाला दिसत नाहीत. वृत्तपत्रात छापून येणारी जांभळी-निळी आकाशगंगा हे आकड्यांचं डोळ्यांसाठी केलेलं भाषांतर असतं. मग तेच आकडे कानांसाठी का भाषांतरित करू नयेत? वांडा २००५ मध्ये नासाच्या गोडार्ड केंद्रात उमेदवारीला गेल्या, तिथं रॉबर्ट कँडी यांच्याबरोबर त्यांनी एक्ससॉनिफाय नावाच्या संगणकप्रणालीवर काम केलं. अवकाशयानांनी पाठवलेली मोजमापं ही प्रणाली स्वरांत वाजवते. आकडा वाढला की स्वर चढतो, कमी झाला की उतरतो. याच विषयावर २०१३ मध्ये ग्लासगो विद्यापीठानं त्यांना डॉक्टरेट दिली.

त्यांच्या कामातली मला सगळ्यात महत्त्वाची वाटणारी गोष्ट दृष्टिहीनांबद्दलची नाहीच. डोळस खगोलशास्त्रज्ञांना आलेखाबरोबर आवाजही दिला, तर गोंगाटात दडलेला क्षीण संकेत ओळखायला मदत होते, असं त्यांच्या प्रयोगांतून दिसलं. म्हणजे अंधांसाठी बांधलेल्या रॅम्पवरून डोळसांचीही गाडी वर गेली. या विषयात 'बिचाऱ्यांसाठी' काहीतरी करायचं असा सूर लावणाऱ्यांनी एवढं ध्यानात ठेवलं तरी पुष्कळ आहे.

डबी

२१ ऑगस्ट २०१७ ला अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यापासून पूर्व किनाऱ्यापर्यंत खग्रास ग्रहणाचा पट्टा जाणार होता. वांडा यांच्या कामावरून सुचून हार्वर्डच्या ॲलिसन बिएरिला आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्या ग्रहणासाठी लाइटसाउंडचे पहिले मोजके नग केले. आत एक प्रकाश मोजणारा सेन्सर, एक छोटा सर्किट बोर्ड आणि आवाज बाहेर काढायची सोय. हेडफोन लावा नाहीतर स्पीकर. २०१९ च्या सुधारित आवृत्तीत वाद्यांचे आवाज आले. लख्ख उजेडात बासरीसारखा उंच स्वर, उजेड उतरत गेला की क्लॅरिनेट, आणि खग्रास अवस्थेत नुसती खालच्या पट्टीतली टिकटिक. सूर्य परत डोकावला की उलट्या क्रमानं सगळं माघारी.

तीन वेगवेगळे आवाज का, एकच स्वर खाली खाली का नेला नाही, हा प्रश्न मलाही पडला होता. त्याचं उत्तर सप्तकांच्या हिशोबात आहे.

उजेड मोजतात लक्स या एककात. भर दुपारच्या उन्हात साधारण एक लाख लक्स उजेड असतो. समजा, उजेड जितका तितकी स्वराची कंपनं, असा सरळ हिशोब ठेवला. तर अर्धा सूर्य झाकला की कंपनं निम्मी, म्हणजे स्वर एक सप्तक उतरेल. पाऊण झाकला की दोन सप्तकं. नव्याण्णव टक्के झाकला तरी हजारभर लक्स शिल्लक असतात, म्हणजे चांगल्या उजळ ऑफिसपेक्षा जास्त, आणि तोवर स्वर साडेसहा सप्तकं खाली गेलेला. यानंतरच्या काही सेकंदांत हजार लक्सचे एक-दोन लक्स होतात. एक लाखापासून एकापर्यंतची ही उतरंड सोळा-सतरा सप्तकांची भरते. माणसाच्या कानाचा पल्ला आहे जेमतेम दहा सप्तकांचा. एका स्वरात ग्रहण मावतच नाही! म्हणून मग वाद्य बदलायचं आणि तळाला गेल्यावर स्वर सोडून टिकटिक लावायची.

यातून एक गोष्ट डोळस लोकांबद्दलही कळते. डोळा उजेडाशी इतका पटकन जुळवून घेतो, की सूर्य सत्तर-ऐंशी टक्के झाकला तरी खाली मान घालून चालणाऱ्या माणसाला पत्ता लागत नाही. कान तसा गाफील राहत नाही. पाव सूर्य झाकला की उजेड तीन चतुर्थांश, म्हणजे स्वर मध्य षड्जावरून बरोबर मंद्र पंचमावर. ज्यानं आयुष्यात एकदा तंबोरा जुळताना ऐकलाय, त्याला हे अंतर झोपेतही कळेल.

वाटप

२ जुलै २०१९ आणि १४ डिसेंबर २०२० अशी लागोपाठ दोन खग्रास ग्रहणं चिली आणि अर्जेंटिनाच्या वाट्याला आली. पहिल्या ग्रहणाचं वर्ष आंतरराष्ट्रीय खगोलशास्त्रीय संघाच्या शताब्दीचं होतं, त्या निमित्तानं सुधारलेल्या डब्या दक्षिण अमेरिकेत पोचल्या. आणि ८ एप्रिल २०२४ ला मेक्सिको, अमेरिका आणि कॅनडावरून पट्टा गेला तेव्हा प्रकल्पाचा नेम साडेसातशे डब्यांवर होता. कारखान्यात नाही, तर स्वयंसेवकांना एकत्र बसवून, सोल्डरिंग करून, जोडून घेतलेल्या. ज्या संस्था ग्रहणाचे कार्यक्रम करणार होत्या, त्यांना त्या फुकट दिल्या. सर्किटचे नकाशे, सुट्या भागांची यादी आणि प्रोग्राम कुणालाही उतरवून घेता येईल असा मोकळा ठेवला.

या वाटपातली मला आवडलेली गोष्ट म्हणजे डबी खुल्या मैदानात सर्वांदेखत वाजली. टेक्सासची राजधानी ऑस्टिन इथं अंधशाळा आहे, तिथल्या मुलांनी शाळेच्या हिरवळीवर बसून ग्रहण ऐकण्याचा बेत आखला होता. टेक्सासात त्या दिवशी बऱ्याच ठिकाणी ढग होते. ढग आले की चष्मेवाल्यांची पंचाईत होते, कारण त्या चष्म्यातून सूर्याखेरीज काही दिसतच नाही. डबीला सूर्याचं बिंब लागत नाही, भोवतालचा उजेड पुरतो. ढगाखालीही खग्रासचा काळोख येतोच, आणि डबी तो वाजवते. अशा वेळी डोळस माणूस दृष्टिहीनाच्या शेजारी सरकून 'जरा मलाही ऐकू दे' म्हणणार, हे उघड आहे.

एकच आकडा

आता तक्रारीकडे वळतो. डबी फक्त एक आकडा सांगते, उजेड किती. सूर्याची कोर झाली, ती कुठल्या बाजूनं झाली, चंद्र कुठून शिरला, सूर्याभोवतीचं प्रभामंडल कसं पसरलं, यातलं काही तिला सांगता येत नाही. खग्रास होण्याआधीचा खंडग्रासाचा टप्पा तास-सव्वा तासाचा असतो, तेवढा वेळ बासरीचा एकच स्वर हळूहळू उतरताना ऐकत बसणं ही शिक्षा आहे. ज्यांनी डबी विचारपूर्वक वापरली, त्यांनी ती अधूनमधून लावली आणि मधल्या वेळात हाताला दुसरं काम दिलं.

ते दुसरं काम इतरांनी तयार केलेलं होतं. २०१७ च्या ग्रहणासाठी नासाच्या सहकार्यानं उठावाच्या चित्रांचं पुस्तक निघालं. त्यात सूर्य-चंद्र-पृथ्वी एका रेषेत कसे येतात आणि ग्रहणाचा पट्टा देशावरून कसा जातो, ते बोटांनी वाचता येत होतं. त्याच वर्षी हेन्री विंटर या सौरभौतिकतज्ज्ञांच्या पुढाकारानं एक्लिप्स साउंडस्केप्स नावाचं ॲप आलं. त्यात ग्रहणाच्या चित्रावरून बोट फिरवलं की जिथं चित्र उजळ तिथं फोन जोरात थरथरतो आणि जिथं काळं तिथं गप्प होतो. चंद्राच्या कडेवरून बोट सरकवताना थरथर अचानक तुटते आणि पलीकडे पुन्हा सुरू होते. आकार हाताला लागतो तो असा. पुढं याच प्रकल्पानं २०२३ आणि २०२४ च्या ग्रहणांत ठिकठिकाणी ध्वनिमुद्रक लावून पशुपक्ष्यांचे आवाज गोळा केले. १९३२ च्या ग्रहणात बॉस्टनच्या विल्यम व्हीलर या कीटकशास्त्रज्ञांनी लोकांकडून प्राण्यांच्या वागण्याच्या नोंदी मागवल्या होत्या, त्या जुन्या प्रयोगाचा हा नवा अवतार. भरदुपारी रातकिडे ओरडू लागणं ही तर डबीविनाच ऐकू येणारी गोष्ट. अंगावरचं ऊन एकदम निघून जातं, वारा गार होतो, माणसं ओरडतात. खग्रास ग्रहणाचा निम्मा अनुभव मुळातच डोळ्यांचा नाही, आम्ही तो कधी मोजणीत धरला नाही इतकंच.

दोरीचं गणित

शिकवण्यात सगळ्यात अवघड जागा डबीची नाहीच. ती आहे एका साध्या वाक्यात: 'चंद्र लहान आहे, पण जवळ असल्यामुळे सूर्याएवढाच दिसतो.' आम्ही हे वाक्य वर्षानुवर्षं बोलत आलो. जन्मांध माणसाला त्यात काय समजणार? दूरची वस्तू लहान दिसते, हा अनुभव डोळ्यांचा आहे. हाताला वाटी दूर असली तरी वाटीएवढीच लागते. लांब गेल्यावर आवाज बारीक होतो हे खरं, पण लांब गेलेला ट्रक स्कूटरएवढा झाला असं कुणी म्हणत नाही.

यासाठी मी सध्या दोरी वापरतो. खिडकीच्या गजाला दोन सुतळ्या एकाच गाठीत बांधायच्या. चार मीटर अंतरावर मीटरभर लांबीची काठी आडवी धरायची आणि सुतळ्यांची टोकं काठीच्या दोन टोकांना ताणून बांधायची. झाला सूर्य, आणि गाठ म्हणजे पृथ्वीवरचे आपण. आता गाठीपासून चाळीस सेंटिमीटरवर दहा सेंटिमीटरची पट्टी दोन सुतळ्यांच्या मधे धरायची. बरोबर बसते, एक केस इकडे नाही की तिकडे नाही. हा चंद्र. विद्यार्थ्यानं गाठीपाशी बोटं ठेवून दोन्ही सुतळ्यांवरून पुढं पुढं जायचं. आधी पट्टी लागते, मग बऱ्याच अंतरानं काठी. गाठीपाशी बसलेल्या मुंगीच्या वाटेत पट्टी आली की काठीकडून येणारं सगळं अडलं. इथं काठी पट्टीच्या दहापट मोठी आणि दहापट लांब; आकाशात सूर्य चंद्राच्या साधारण चारशे पट मोठा आणि चारशे पट लांब, म्हणून तिथंही चंद्र इतका चपखल बसतो. आणि चंद्र जरा लांब सरकला की सुतळ्यांच्या आत दोन्हीकडे फट राहते, तेच कंकणाकृती ग्रहण. पट्टी दोन बोटं पुढं सरकवून ती फट चाचपता येते.

'दिसणं' हा शब्द न वापरता ग्रहण शिकवता येतं का, हे मी या सुतळ्यांवर करून बघितलं. येतं. उलट जास्त चांगलं येतं. डोळस मुलांनाही आता मी हेच करायला देतो, कारण फळ्यावरची आकृती बघून 'समजलं सर' म्हणणाऱ्या अर्ध्या वर्गाला मुंगीचा प्रश्न विचारला की समजलेलं नसतं.

आमची फजिती

माझ्या नकलेची गोष्ट. आमच्या इमारतीत, डोंबिवलीत, एक दृष्टिहीन गृहस्थ राहतात. बँकेतून टेलिफोन ऑपरेटर म्हणून निवृत्त झालेले, सगळे त्यांना काका म्हणतात. २५ ऑक्टोबर २०२२ ला खंडग्रास ग्रहण होतं. लक्ष्मीपूजन आदल्या दिवशी, पाडवा दुसऱ्या दिवशी आणि मधे हे. मुंबई परिसरात पावणेपाचच्या सुमारास सुरू होणार आणि सूर्य ग्रहण लागलेलाच मावळणार, असं त्याचं गणित होतं.

मुंबईतल्या लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारातून सेन्सर आणला, एक आर्डुइनो बोर्ड, म्हणजे प्रोग्राम भरता येणारा छोटा सर्किट बोर्ड, घरात होताच. स्वस्तातल्या सेन्सरची धाव पन्नास-साठ हजार लक्सच्या पुढं जात नाही, भर उन्हात तो ठार बहिरा होतो. त्यावर बटर पेपरचे दोन थर चिकटवले. आठवडाभर आधी डबी काकांच्या हातात दिली. त्यांनी पहिल्यांदा सेन्सरवर तळहात धरला, मग बोटं फाकवून हलवली, मग कंगवा मागवून त्याचे दात सेन्सरवरून फिरवले. ट्यूबलाइटखाली नेली, देवघराच्या समईपाशी नेली. तिसऱ्या दिवशी मला म्हणाले, "फ्रीजचं दार लावल्यावर आतला दिवा विझतो का, हे तू कधी तपासलंस?" त्यांनी तपासलं होतं. डबी आत ठेवून, इअरफोनची वायर दाराच्या रबरातून बाहेर काढून. "विझतो," म्हणाले, "सत्तर वर्षांत पहिल्यांदा खात्री झाली."

त्याच वेळी त्यांनी आवाजावरून माझी बिनपाण्यानं केली. मी साधा बझर लावला होता. "अरे, बंद पडलेल्या लाइनचा टोन आहे हा. तीस वर्षं कानात भरून घेतलाय. तासभर कोण ऐकणार?" बदलला. कान ज्याचे त्याला आधी विचारायचं असतं, हे लाइटसाउंडबद्दल वाचताना मी मान डोलावत वाचलं होतं आणि स्वतःच्या वेळी सोयीस्कर विसरलो होतो.

ग्रहणाच्या संध्याकाळी गच्चीवर आम्ही दहा-बारा जण. काकांच्या कानात डबी, बाकीच्यांच्या डोळ्यांवर चष्मे. सूर्याचा लचका तोडल्यासारखा दिसू लागला, मुलं ओरडली. काका ऐकत होते. स्वर उतरत होता, मी खूश. साडेपाच वाजून गेल्यावर त्यांनी एक इअरफोन काढला.

"हे तर रोजचंच आहे की."

"म्हणजे?"

"म्हणजे संध्याकाळ होतेय. कालही या वेळेला असंच उतरलं असणार. यात ग्रहण कुठलं आणि सूर्यास्त कुठला, तू सांग."

मला सांगता आलं नाही. ग्रहणात जास्तीत जास्त पाव सूर्य झाकला जाणार होता, म्हणजे षड्ज ते मंद्र पंचम, बस. आणि मावळतीला सूर्य सतरा अंशांवरून क्षितिजावर येताना उजेड त्याच्या कितीतरी पट पडतो. ग्रहणाचा उतार सूर्यास्ताच्या उतारात बुडून गेला होता. हार्वर्डच्या डबीला जे खग्रास मिळालं, ते आम्हाला मिळालेलं नव्हतं, आणि तो फरक मी लक्षातच घेतला नव्हता. डोळसांना बिंबाचा आकार दिसत होता म्हणून त्यांना अडचण आली नाही. ज्याच्याकडे एकच आकडा होता, त्यानंच प्रयोगातली खोट पकडली.

वर उपायही त्यांनीच सांगितला. "कालचं मोजून ठेवलंस का?" ठेवलं नव्हतं. मग दुसऱ्या दिवशी, पाडव्याला, त्याच जागी, त्याच कठड्यावर, साडेचारपासून सूर्यास्तापर्यंत पुन्हा मोजलं. दोन्ही दिवसांचे आकडे लॅपटॉपवर घेऊन पाचपट वेगानं वाजवले. डाव्या कानात ग्रहणाचा दिवस, उजव्यात साधा दिवस. सुरुवातीला दोन्ही स्वर एकजीव. काका पाय हलवत ऐकत होते. मग हात वर झाला. "डावा उतरला." अर्ध्या मिनिटानं, "अजून उतरला. आता चांगलाच बेसूर." घड्याळाशी ताडून बघितलं, ग्रहण लागल्यानंतर थोड्याच मिनिटांची ती जागा होती. पाडव्याच्या फटाक्यांचा धूर मी हिशोबात धरलेला नाही, त्यामुळे याला कुणी मोजमाप म्हणू नये. पण ग्रहण ऐकू आलं, हे खरं.

बाकीच्यांचं काय

गच्चीवर कर्णबधिर मुलं असली तर अडचण निराळी. ग्रहणचष्मा डोळ्यांवर चढला की सूर्याशिवाय सगळा काळोख, खुणांची भाषा बोलणाऱ्याचे हातही दिसत नाहीत. तारांगणात दिवे मालवल्यावर हेच होतं. म्हणून सांगायचं ते आधी सांगून संपवायचं, 'चष्मा काढा'ची खूण म्हणून खांद्यावर थाप ठरवून ठेवायची, आणि मुलं आकाशाकडे बघत असताना कुणी हातवारे करत उभं राहायचं नाही. चाकाच्या खुर्चीतल्या माणसासाठी दुर्बिणीला कॅमेरा लावून चित्र पडद्यावर आणणं हा सोपा मार्ग. आमच्या गटाला त्याहून आधी सोडवायचा प्रश्न गच्चीच्या जिन्याचा आहे. इमारतींची लिफ्ट शेवटच्या मजल्यावर थांबते आणि वरच्या सोळा पायऱ्या कुणाच्याच डोळ्यांवर येत नाहीत. कार्यक्रम मैदानात घ्यायचा, एवढाच त्यावर तोडगा आहे, आणि तो घ्यायला आम्हाला वीस वर्षं लागली.

शाळेतल्या अडचणीबद्दल थोडं. परीक्षेत दृष्टिहीन विद्यार्थ्याला विज्ञान-गणिताऐवजी दुसरा विषय घ्यायची सवलत मिळते. हेतू चांगला. पण ती सवलत हाताशी असली की प्रयोगशाळेचं दार त्याच्यासाठी उघडायची गरज कुणाला वाटत नाही, आणि 'त्याला नको आहे' असं आपणच ठरवून मोकळे होतो. २०११ च्या जनगणनेत देशात दृष्टीचं अपंगत्व असलेले पन्नास लाख लोक मोजले गेले. त्यांतल्या किती जणांना एकदा तरी सेन्सरवर तळहात धरायला मिळाला असेल?

पुढची ग्रहणं

२ ऑगस्ट २०२७ चं ग्रहण इजिप्तमध्ये लक्सॉरजवळ सहा मिनिटांहून जास्त वेळ खग्रास असेल. आपल्या पश्चिम भारतात ते खंडग्रास, तेही दिवस कलताना आणि ऐन पावसाळ्यात. म्हणजे २०२२ चीच फजिती, वर ढग. २१ मे २०३१ ला मात्र केरळ-तमिळनाडूतून कंकणाकृती ग्रहण जाणार आहे, आणि ते दुपारचं. सूर्य डोक्यावर, ऊन ठणठणीत, मावळतीची भानगड नाही. त्याच्या आधीच्या आठवड्यात रोज दुपारी मोजून ठेवायचं, असं मी वहीत लिहून ठेवलंय.

काकांना सांगितलं तर म्हणाले, "एकतीस साली मी ब्याऐंशीचा. जमवू." तोवर डबी त्यांच्याकडेच आहे. ती त्यांनी खिडकीच्या कट्ट्यावर ठेवली आहे आणि संध्याकाळी रेडिओच्या आधी दहा मिनिटं तीच ऐकतात. परवा मला जिन्यात गाठून म्हणाले, कोपऱ्यावरचा म्युनिसिपालिटीचा दिवा गेले चार दिवस लागल्यावर थरथरतोय, तक्रार कुठं करायची. मी रात्री खाली जाऊन बघितलं. दिवा मला तरी स्थिर दिसला. मोबाइलच्या कॅमेऱ्यातून बघितल्यावर पडद्यावर काळे पट्टे सरकताना दिसले.